तडजोड शुल्क

पूल उतरला की डाव्या हाताला गुलमोहोराचं एक झाड आहे. झाडाचा काही दोष नाही, पण गेली तीन-चार वर्षं दुपारच्या वेळी त्याच्या बुंध्यामागून एक हात बाहेर येतो. 'थांबा' म्हणणारा तो हात नव्हे. बोटं जवळ घेऊन, पंजा खाली हलवत 'इकडे या' म्हणणारा. उतारामुळे गाडीला वेग असतो, डोळ्यांवर ऊन असतं आणि हात दिसेपर्यंत आपण त्याच्या पुढ्यातच आलेलो असतो.

त्या दिवशी माझ्या आधी तिघं कडेला लागले होते. एक सोलापूरची एमएच तेरा, एक सांगलीची एमएच दहा, आणि एका कॉलेजकुमाराची स्थानिक नंबरची गाडी. पोराचा नंबर ४१४१ होता आणि पेंटरने तो अशा वळणाने काढला होता की 'दादा' वाचावं. मी सातारचा, एमएच अकरा. मी उभा होतो त्या दहाएक मिनिटांत शहराच्या नंबरच्या पन्नास तरी गाड्या डोळ्यांदेखत निघून गेल्या. त्यांतल्या किमान दोघांच्या कानाला मोबाइल होता.

"लायसन."

मोबाइलवर दाखवलं. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, सगळं दाखवलं. मग हवालदार गाडीभोवती फिरले, लग्नासाठी मुलगी बघायला आलेल्या चोखंदळ आत्यासारखे, आणि हँडलपाशी थबकले.

"आरसा कुठाय?"

उजवा आरसा पंधरवड्यापूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी हँडलला अडकून गेला होता. आज बसवू, उद्या बसवू असं चाललं होतं. मी म्हटलं, "साहेब, एक विचारू? मला हात केलात तेव्हा आरसा नाही हे तुम्हाला दिसलं नव्हतं ना?"

ते चिडले नाहीत. थकलेल्या माणसाने बघावं तसं बघून म्हणाले, "नाहीच आहे तर दिसणार कसा?"

याला उत्तर नव्हतं. मी पाचशे रुपये भरले. मशीनमधून कागदाची पट्टी सरसर बाहेर आली.

कायद्याच्या मराठीत या पाचशे रुपयांना 'तडजोड शुल्क' म्हणतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २००. तुम्ही गुन्हा केलात, पण ठरलेली रक्कम जागेवर भरलीत तर खटला नाही, कोर्ट नाही, विषय संपला. पावतीशिवाय जे होतं त्याला आपण 'तोडपाणी' म्हणतो. दोन शब्दांत फरक पावतीचा, आणि पैसे कुठे जातात याचा. तडजोडीचे पैसे राज्याच्या तिजोरीत, तोडपाण्याचे कुठे ते सगळ्यांना माहीत. पण दोन्हींत एक गोष्ट सारखीच असते: न्यायाधीश नसतो. मला बराच काळ वाटायचं की नाकाबंदी घटनेत बसते का हा एक प्रश्न आणि ती गल्ला भरायला असते का हा दुसरा. हल्ली वाटतं, हा एकच प्रश्न आहे. पण त्याकडे येतो.

आमच्याकडे वाहतूक पोलिसाला 'मामा' म्हणतात. माझी पंचाईत अशी की माझे सख्खे मामाच ट्रॅफिकमध्ये होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले, आता गावी असतात. मित्र चौकात 'मामा बसलेत रे, हेल्मेट घाल' म्हणाले की लहानपणी मी खरंच इकडेतिकडे बघायचो. आरशाचा किस्सा सांगायला मी त्यांना फोन केला तेव्हा ते पोट धरून हसले. मग धंद्याचा माणूस बोलतो तसं बोलायला लागले.

"नाका लावायचा म्हंजे चार माणसं लागत्यात. एक थांबवणारा, एक कडंला घेणारा, एक लिहिणारा. आन चौथा पन्नास पावलं मागं, नाका बघून गाडी फिरवणाऱ्यासाठी. बॅरिकेड समोरासमोर न्हाई लावायची, तिरकी लावायची. गाडी आपसूक हळू होती."

"आणि थांबवायचं कुणाला, ते?"

"ते शिकवत न्हाईत. आम्ही गाडी बघत न्हाई, मान बघतो. पोलिस दिसला की ज्याची मान उगाच ताठ होती, त्यो."

"आणि एमएच अकरा?"

जरा थांबले. "बाहेरगावचा माणूस घाईत असतो, भाचेबुवा. कोर्टाच्या तारखेला परत यायला नको म्हणून भरून मोकळा होतो."

टार्गेट असायचं का, असंही विचारलं. "कागदावर कधीच न्हाई," म्हणाले. "पण संध्याकाळी वायरलेसवर विचारायचे, किती केस? शून्य म्हणून सांगायची छाती कुणाची हाय?"

फोन ठेवल्यावर मी कायदा उघडून बसलो. आपल्याकडचा कायदा या बाबतीत वाटतो त्यापेक्षा मजेशीर आहे. कलम १३० म्हणतं, सार्वजनिक ठिकाणी गणवेशातल्या कोणत्याही पोलिस अधिकाऱ्याने मागितलं की चालकाने लायसन दाखवलंच पाहिजे. का मागितलं, संशय होता का, काही नाही. मागितलं की दाखवा. पण कलम २०३, म्हणजे दारू तपासण्यासाठी फुंकायला लावण्याचं कलम, तसं नाही. तिथे 'संशय घेण्यास वाजवी कारण' लागतं. म्हणजे रात्री साडेअकराला बॅरिकेड लावून येईल त्याच्या तोंडात नळी द्यायची ही आपली रीत कलमाच्या अक्षराशी तितकीशी जुळत नाही, आणि दुपारी झाडामागून हात बाहेर काढून लायसन मागणं मात्र अगदी कायदेशीर. मला व्यक्तिशः उलटं आवडलं असतं.

आता राज्यघटना. देशभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क कलम १९ मध्ये आहे, त्यावर जनहितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात हेही त्यातच आहे. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचं कलम २१ आहेच. पण विनाकारण झडती आणि जप्तीपासून संरक्षण असं स्वतंत्र कलम, अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या चौथ्या दुरुस्तीसारखं, आपल्याकडे नाही. ते राहून गेलं असं मात्र नाही. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत हक्कांचा जो मसुदा निवेदन म्हणून तयार केला, त्यात ते जवळजवळ शब्दशः होतं: लोकांची शरीरं, घरं, कागदपत्रं आणि चीजवस्तू अवाजवी झडतीपासून सुरक्षित राहतील. कन्हैयालाल मुन्शींच्या मसुद्यातही त्याच वळणाची तरतूद होती. पोलिस तपासाला अडचण होईल म्हणून घटना समितीतले अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि समितीचे सल्लागार बी. एन. राव यांनी विरोध केला आणि ते वगळलं गेलं. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी सांगितलं की घटनाकारांनीच हा हक्क घातलेला नाही, तर आम्ही तो ओढूनताणून आणू शकत नाही. ती परिस्थिती बदलायला २०१७ चा ऑगस्ट उजाडावा लागला. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं आणि कसोटी दिली: सरकारने त्यात हात घालायचा तर कायदा हवा, उद्देश रास्त हवा, आणि उपाय त्या उद्देशाच्या मापाचा हवा.

गुलमोहोराखालचा हात या कसोटीला उतरतो का? कायदा आहे. उद्देश, रस्ता सुरक्षित ठेवणं, तोही रास्त. अडतं ते मापापाशी. आणि माप मोजणार कोण?

माझा एक वर्गमित्र वीस वर्षं मिशिगनमध्ये राहतो. गप्पांत नाकाबंदीचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "आमच्याकडे दारूसाठी असा नाका लावताच येत नाही." मला ती मिजास वाटली. पण खरं निघालं, आणि त्यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९८६ मध्ये मिशिगन पोलिसांनी सॅगिनॉ परगण्यात दारू तपासणीचा पहिला नाका लावला. सव्वा तासात १२६ गाड्या थांबवल्या, प्रत्येकीला सरासरी पंचवीस सेकंद. दोघांना अटक. यावर खटला झाला, तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९९० मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी नाका घटनेत बसतो असं ठरलं. पण गोष्ट तिथे संपली नाही. खटला परत मिशिगनला आला आणि तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितलं: देशाच्या घटनेत बसत असेल, आमच्या राज्याच्या घटनेत बसत नाही. पंचवीस सेकंदांसाठी सात वर्षं लोक कोर्टात भांडले! आपण त्यांना रिकामटेकडे म्हणू. पण आपल्याला निदान हे ठाऊक आहे का, की आपल्या पंचवीस मिनिटांचं कोर्टाने काय केलं असतं?

त्याआधीचा, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचाच, १९७९ चा एक निकाल मला जास्त जवळचा वाटला. डेलावेअरमधल्या एका पोलिसाने नियमभंग काही दिसला नसताना, नुसतं लायसन-कागद बघायला, एक गाडी थांबवली. न्यायालय म्हणालं, असं वाटेल ती गाडी वाटेल तेव्हा थांबवणं चालणार नाही. येणाऱ्या सगळ्याच गाड्या थांबवणारा नाका मात्र चालू शकेल. म्हणजे त्यांची हरकत थांबवण्याला नव्हती, निवडण्याला होती. कुणाला हात करायचा हे एका माणसाच्या मनावर सोडण्याला होती. एमएच तेरा, एमएच दहा, एमएच अकरा. मामांची ती 'मान'.

आणि तिसरा निकाल, नोव्हेंबर २००० चा. इंडियानापोलिस शहराने अमली पदार्थ शोधायला नाके लावले होते. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. पण निकालात एक अपवाद लिहून ठेवला: अतिरेकी हल्ला होऊ घातला असेल, किंवा एखादा घातक गुन्हेगार ठरावीक रस्त्याने पळत असेल, तर त्यासाठी लावलेला नाका जवळपास नक्कीच चालेल.

ते वाक्य वाचताना मला गिरगाव चौपाटी आठवली. बरोबर आठ वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, वायरलेसवर स्कोडाची खबर आली आणि डी. बी. मार्ग पोलिस ठाण्याच्या लोकांनी चौपाटीवर बॅरिकेड लावली. गाडी अलीकडे थांबली, वळायला गेली, दुभाजकावर चढली. तुकाराम ओंबळे यांच्या हातात काठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली ती सोडली नाही. केडंबे हे त्यांचं गाव आमच्या सातारा जिल्ह्यातलं. नाकाबंदीबद्दल कुरकुर करताना माझी जीभ नेहमी या ठिकाणी अडखळते. महाराष्ट्रात 'नाकाबंदी' या शब्दाला त्या रात्रीचं वजन आहे, आणि गुलमोहोराखालचा हात नकळत त्या वजनावर उभा असतो.

एरवी 'नाका' या शब्दाचा मूळ संसार पैशाचाच. जकात नाका. माझ्या पिढीने मुंबईत शिरताना मुलुंडला, दहिसरला, मानखुर्दला ट्रकच्या मैलभर रांगा बघितल्या आहेत. तिथे कुणी सुरक्षेचा आव आणत नव्हतं. माल आणलास, पैसे टाक, पुढे जा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईचे जकात नाके उठले. त्या नाक्यांवर भ्रष्टाचार किती चालायचा ते बोलायला नको, पण ढोंग नव्हतं.

हल्लीच्या नाक्याचा हिशोब कसा लागतो ते धुळवडीनंतर किंवा एक जानेवारीला पेपरात बघा. इतक्या हजार वाहनांवर कारवाई, इतक्या लाखांचा दंड वसूल. बातमीचा मथळाही तोच. त्या रात्री किती अपघात टळले हे कळणं अवघड, मान्य. पण मग मोजायला सोपं ते मोजलं जातं, आणि जे मोजलं जातं तेच पुढच्या वर्षी वाढवायचं ठरतं. हवालदाराला यातला रुपया मिळत नाही. गल्ला राज्याचा. पण संध्याकाळी वायरलेसवर आकडा त्याला द्यायचा असतो. आकडा हवा असेल तर माणूस जिथे गाड्या उलटतात तिथे उभा राहत नाही, जिथे गाड्या हळू होतात तिथे उभा राहतो. पुलाच्या पायथ्याशी. सावलीत.

२०१९ च्या सप्टेंबरपासून केंद्राने दंड कितीतरी पटींनी वाढवले. महाराष्ट्राने ते लगेच लागू केले नाहीत, डिसेंबर २०२१ मध्ये सुधारित तडजोड शुल्क आणलं. त्यानंतर नाक्याचं रूप आणखी पालटलं. आता बऱ्याचदा थांबवतही नाहीत, फोटो काढतात. चलन घरी येतं, म्हणजे मोबाइलवर, दोन महिन्यांनी, तेव्हा आपण त्या चौकात होतो की नाही हेही आठवत नाही. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप केला, आणि त्याच सुमारास पोलिसांना स्वतःच्या खाजगी मोबाइलवर फोटो काढू नका असं वरून बजावावं लागलं. आणि रस्त्यावरचा नाका हळूहळू थकबाकी वसुलीचा झाला. नंबर टाकायचा, मागची चलनं बघायची, 'आधी हे भरा, मग गाडी'. गाडी अटकावून ठेवण्याचं कलम २०७ आहे. त्यात लायसन, नोंदणी, परमिट यांची नावं आहेत. थकलेल्या चलनाचं नाव त्यात मला दिसलं नाही.

हे कोर्टात नेलं तर? इथे ते तडजोड शुल्क परत येतं. पाचशे रुपयांसाठी वकील कोण करणार? एक तारीख म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. मला पक्कं माहीत होतं की आरसा नसणं हा माझा दोष आहे, पण मला निवडून थांबवणं हा वेगळा मुद्दा आहे. तो मुद्दा मांडायला कायद्याने वाट ठेवली आहे. फक्त शेजारी इतकी स्वस्त पळवाट ठेवली आहे की शहाणा माणूस तिकडूनच जातो. मिशिगनचा प्रश्न सात वर्षं चालला, कारण कुणीतरी तो मिटवला नाही. आमचा दर दुपारी पाचशे रुपयांत मिटतो. गल्ला जितका सुरळीत भरतो, तितका प्रश्न कोर्टापासून दूर राहतो.

आणि तरीही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. भरधाव पोर्शे, सतरा वर्षांचा चालक, मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर जागच्या जागी गेले. जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर देश संतापला, रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप झाले. माझ्या डोक्यात मात्र एक बारीक तपशील रुतून बसला. ती गाडी महाराष्ट्रात कायमची नोंदलेलीच नव्हती. १७५८ रुपयांची फी भरायची राहिली होती. कोट्यवधींची गाडी, नंबरप्लेट नाही, आणि ती शहरात फिरत होती. त्या रात्री एका बॅरिकेडने, एका हवालदाराने तिला कडेला घेतलं असतं तर कलम, संशय, माप, सगळं त्याच्या बाजूने होतं. नंबरप्लेट नसणं पन्नास पावलांवरून दिसतं. माझा नसलेला आरसा दिसला, मग हे का नाही?

मुंबईत २००७ पासून रात्रीच्या दारू तपासणीची मोहीम नेटाने चालली, त्याच्या आदल्या वर्षी कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले गेले होते. त्या मोहिमेने मुंबईकरांची पार्टीहून परतण्याची सवय बदलली, हे मी माझ्याच चुलतभावांत बघितलं आहे. आधी कोण किती प्यायला यावर पैजा लागायच्या, आता टॅक्सी कोण बोलावतो यावर वाद होतात. मला स्वतःला मध्यरात्री दोनदा फुंकायला लावलं आहे. दुसऱ्या वेळी मागे मुलगी बसली होती. "काका, नळी नवीन आहे ना?" हे तिनेच विचारलं. शिपायाने प्लास्टिकची पुडी तिच्यासमोर फोडली, मी फुंकलं, शून्य आलं, "जा साहेब, सावकाश." अर्धा मिनिट. कलम २०३ मधलं 'वाजवी कारण' माझ्याबाबत नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी काही बोललो नाही. येणारी प्रत्येक गाडी थांबत होती, माझ्या पुढची मर्सिडीजही. गुलमोहोराखाली जे टोचलं होतं ते इथे टोचलं नाही.

मामांचा परवा फोन आला. आवाजात विलक्षण आनंद. त्यांनाच नाक्यावर धरलं होतं! गावाजवळच्या फाट्यावर, डोक्यावर हेल्मेट नाही, मागे कोथिंबिरीची जुडी.

"मग सांगितलं नाही, मी डिपार्टमेंटचा म्हणून?"

"छ्या. नवीन पोरगं होतं. मशीन नीट धरता येत न्हवतं त्याला. पाचशे भरले, पावती घेतली." मग आवाज खाली आणला. "पण मी त्याला इचारलं, बाळा, नाका हितं का लावलाय? म्हणतो, वरनं सांगितलंय. आरं, म्हटलं, त्या तिकडं, कॅनॉलच्या वळणावर वर्षात चार जण गेले. हितं सरळ रस्ता हाय. हितं कोण मरतंय?"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आजोबा, तिकडं सावली न्हाई."